खोक्यांमागचे नाना

पडद्यावर चित्र पुन्हा काळंकुट्ट आलं.

"आता काय झालं?" ताईने मागून विचारलं. युनिफॉर्म घालून ती केव्हाची तयार होती आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी खोलीभर फिरत होती.

"दिवा भिंतीच्या आत अडकलाय. प्रकाश बाहेर कुठून येणार? थांब." गुंड्याने माउसने दिवा ओढून बाहेर काढला आणि चित्र पुन्हा बनायला टाकलं.

गुंड्या तिचा धाकटा भाऊ. दिवसभर कुरिअरची पाकिटं वाटायची आणि घरी आलं की संगणकावर थ्रीडी माणसं घडवायची, हा त्याचा नाद. योद्धे, नर्तकी, पंख फुटलेल्या बायका. घरातले हसायचे. "एखादं माणूस भांडी घासणारं बनव रे," म्हणायचे. आज मात्र त्याच नादावर ताईची नोकरी टांगलेली होती.

ताई गोदामात माल उचलून नेणारी फोर्कलिफ्ट चालवायची. मागच्या आठवड्यात खोक्यांची चळत नेताना तिथले जुने हमाल, नाना, तिच्या गाडीखाली आले. पाय गेला. नानांना त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. ताई एकच सांगत होती, "नाना मला दिसलेच नाहीत." दुपारी चौकशी होती. चूक एकाच्याच माथी बसणार होती. ताईच्या, नाहीतर नानांच्या.

म्हणून गुंड्याने मापं घेऊन अख्खं गोदाम संगणकात उभं केलं होतं. खोकी रचली, खोक्यांमागे नानांच्या उंचीचं माणूस ठेवलं आणि कॅमेरा बसवला तो बरोबर ताईच्या डोळ्यांच्या जागी.

चित्र हळूहळू उमटलं. प्रकाश आता नीट पडला होता. समोर खोकीच खोकी. नानांचा केससुद्धा दिसत नव्हता.

"बघ! मी काय सांगत होते?" ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. "हेच छाप." तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती खिडकीशी गेली.

छापण्याआधी गुंड्याने सवयीने संगणकातलं गोदाम बाजूने फिरवून पाहिलं. थ्रीडीच्या हौशी मंडळींच्या ऑनलाइन फोरमवर एक जुनं खोड होतं, त्यानेच ही सवय लावली होती. "चेहरा बघून भुलू नकोस," तो नवख्यांना बजावायचा, "आधी पाय बघ. पाय खोटे तर माणूस खोटा."

नानांचे पाय घोट्याच्याही वरपर्यंत फरशीत रुतले होते.

उंची वाढवताना ते माणूस जसं वर ताणलं गेलं होतं, तसंच खालीही. खोक्यांच्या आड ते कळलंच नव्हतं. त्याने नानांना उचलून फरशीवर टेकवलं आणि परत कॅमेऱ्यातून पाहिलं.

खोक्यांच्या वर कपाळ आलं होतं. कपाळाखाली भुवया. भुवयांखाली दोन डोळे, सरळ समोर बघणारे.

केलेलं मागे घ्यायला एक बटण पुरे होतं. चौकशीवाले काही पाय बघणार नव्हते. हा संगणकही ताईनेच पहिल्या पगारातून घेऊन दिला होता, "निदान नजरेसमोर तरी राहशील" म्हणून.

"हो, झालंच आहे. निघतेच," ताई फोनवर म्हणाली आणि वळली. "छापलंस?"

गुंड्याने मान वर केली नाही. "ताई, नाना जमिनीत रुतले होते."

"म्हणजे?"

"माझी चूक. पाय आत गेले होते. वर घेतले तर..." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "तूच बघ."

ताईने पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"परत घाल खाली."

"ताई, अगं..."

"घाल म्हणते ना!" तिचा आवाज चिरकला.

गुंड्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "माझ्याच्याने नाही होणार. तू घाल. हे बटण दाब, की झालं."

ताई पुढे वाकली. तिचं बोट बटणावर आलं आणि तिथेच थांबलं. पडद्यावर नाना उभे होते, दोन्ही हात अंगाला चिकटवून, सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही नवं माणूस उभं असतं तसे. ताईच्या दुसऱ्या हातात निघायच्या तयारीने घेतलेल्या किल्ल्या होत्या.

तिने बोट मागे घेतलं आणि हळूच म्हणाली, "असे नव्हते रे उभे."

गुंड्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "मग कसे होते?"

"हात वर होता त्यांचा."

त्याने माउस हातात घेतला आणि नानांचा उजवा हात उचलला. खांदा ओल्या फडक्यासारखा चुरगळला. त्याने हात खाली घेतला, आधी गळ्याजवळचं हाड फिरवलं, मग खांदा. आता हात नीट वर जाऊ लागला.

"किती वर?"

ताईने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दोन पावलं मागे सरून ती ताठ उभी राहिली, उजवा हात डोक्याच्या वर नेला, तळवा समोर केला आणि पाचही बोटं फाकवली.

"एवढा," ती म्हणाली.

गुंड्या एकेक बोट सरळ करत राहिला. त्याचं सगळं होईपर्यंत ताईने हात खाली घेतला नाही.