पंधरा मिनिटांचा कोड

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जागेश्वरच्या मोबाइलवर चार आकडे आले. हातातली औषधाची बाटली त्याने फळीवर ठेवली, हात पुसले आणि मोबाइल काउंटरवर समोर ठेवून बसला. कोड पंधरा मिनिटं चालतो. वीरेंद्रचा फोन त्याआधी येतोच.

आंधळगावात जागेश्वरचं कृषी केंद्र. धाकटा भाऊ वीरेंद्र चिखल्याच्या खाणीत कामाला, तिथल्याच कॉलनीत क्वार्टर. माय त्याच्याकडे. मायसाठी घेतलेला टीव्ही तिच्यासोबत तिकडे गेला. त्यावर मालिका दाखवणाऱ्या ॲपचे पैसे मात्र जागेश्वरच भरतो, नंबरही त्याचाच. दोन गावं म्हणजे एक घर, हे काही त्या ॲपला पटत नाही. महिन्यातून एकदा चिखल्याच्या टीव्हीवर पाटी येते, 'हा टीव्ही तुमच्या घरातला दिसत नाही.' कोड टाकल्याशिवाय ती हटत नाही.

वडिलांच्या तेरवीला दोघा भावांत शब्दाला शब्द वाढला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं बोलणं म्हणजे हा कोड. मायला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे तिच्याशी बोलणंही नाही.

"बाबा, पुन्हा रेट वाढला." जागेश्वरची मुलगी अपेक्षा कॉलेजातून परस्पर दुकानात आली होती. ती आपल्या मोबाइलवर वाचत होती. "एकशे नव्याण्णवचे दोनशे एकोणपन्नास. तरी बी जाहिराती दाखवतेच. बिनजाहिरातीचा पाह्यजे असन तं चारशे नव्याण्णव."

"हं."

"आपल्या घरी कोणी पाह्यत बी नाही. बंद करून टाकू?"

जागेश्वर काही बोलायच्या आत फोन वाजला. स्क्रीनवरचे आकडे वाचता यावेत म्हणून त्याने स्पीकर लावला.

"कोड आला असन," वीरेंद्र म्हणाला.

"आला. लिही. सात, दोन, दोन, नऊ."

"सात, दोन, दोन, नऊ."

एरवी इथे फोन बंद व्हायचा. आज तो चालूच राहिला.

"दादा," वीरेंद्र म्हणाला. दोन वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. "पुढच्या महिन्यापासून हे बंद करून टाका. रेट बी वाढला म्हणते. तुमचे पैसे कायले फुकट?"

"माय पाह्यते ना?"

"कुठची पाह्यते? परवा मालिकेत सुनेले दवाखान्यात नेलं, डॉक्टर बाहेर आला, तोंड उघडलं, अन् साबणाची जाहिरात. ते संपली तं कर्जाची. ते संपली तं पुन्हा साबणाची. मायनं रिमोट ठेवून देल्ला. म्हणते, पैसे बी आपणच द्याचे अन् साबण बी आपणच पाहाचा काय?"

अपेक्षाला हसू आलं. जागेश्वरने काउंटरवरचे सुटे कागद एकावर एक रचले, मग पुन्हा सुटे केले.

"बिनजाहिरातीवाला घेतो मी," तो म्हणाला.

अपेक्षाने मान वर केली.

"लय महाग आहे तो," वीरेंद्र म्हणाला.

"असू दे."

"अन् कोड तं त्याच्यात बी मांगते."

"मांगू दे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तिकडे धानावर तुडतुडा दिसून राहिला म्हणते," वीरेंद्र म्हणाला.

दिसून राहिला होता. जागेश्वरने सांगितलं, कोणाच्या धानाच्या बांधीत दिसला, कोणी फवारणी उशिरा केली, कोण अजून उधारीवर औषध मागतो. वीरेंद्र मध्ये मध्ये विचारत गेला. त्या लोकांना तोही ओळखत होता. मग त्याने आपलं सांगितलं. पाळी बदलली, सकाळी सहाला खाली उतरावं लागते. बायको रीता सिलाई शिकून राहिली. माय पोळ्यापर्यंत बरी होती, आता गुडघा दुखते म्हणते. क्वार्टरच्या तीन पायऱ्या चढते तं दाराले धरून उभी राह्यते.

"कोणता गुडघा?"

"डावा. तुमसरले दाखवलं. डॉक्टर म्हणते..."

तेवढ्यात मागून मायचा आवाज आला, लांबून, मोठ्याने. काय म्हणाली ते जागेश्वरला नीट कळलं नाही, पण आवाज खणखणीत होता. तो मोबाइलवर थोडा वाकला.

"हो, लावतो," वीरेंद्र तिकडे ओरडला. मग फोनवर म्हणाला, "माय टीव्ही म्हणून राहिली. थांबा." रिमोटची बटणं दाबल्याचे बारीक आवाज आले. "घेतच नाही. वेळ निघून गेला वाटते."

"टाकलाच नव्हता काय?"

"बोलता बोलता राहून गेला."

"दुसरा बोलाव मंग."

"बोलावला."

काउंटरवर मोबाइल थरथरला. स्क्रीनच्या वरच्या कडेला चार नवे आकडे आले. अपेक्षाने ते पाहिले. जागेश्वरनेही पाहिले.

"आला काय, दादा?"

"नाही अजून," जागेश्वर म्हणाला. "तू डॉक्टरचं सांगत होता."