खांबाखाली

"वहिनी, पोरगा सोन्यासारखा आहे हो," आईच्या हातात चहाचा कप देत गंगणेकाका म्हणाले, "पण कंत्राटी माणसाचं काय? आज आहे, उद्या नाही. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

आईनं घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला.

काका वीज कंपनीत कायम लाइनमन. गुडघे गेल्यापासून त्यांच्या वाटचं खांबावर मीच चढतो. कागदावर मात्र चढणारे तेच असतात. आयटीआय दोघांचंही झालंय, पण माझा पगार त्यांच्या पाव हिश्श्याचाही नाही, तोही ठेकेदाराला आठवण झाली तर. "याच्या जिवावर मी निर्धास्त आहे," असं ते चारचौघांत सांगायचे. म्हणून तर आईनं त्यांच्या धाकटीसाठी शब्द टाकला होता.

सकाळी बाजारातली तार तुटल्याचा फोन आला. काकांनी लाइन बंद करून घेतली आणि नेहमीसारखे खांबाशी उभे राहिले. मी कमरेला पट्टा बांधला आणि त्यांच्याकडे न बघता वर चढलो.

"बेतानं रे बाळा," खालून काका अगदी मायेनं ओरडले, "तुला काही झालं तर माझी नोकरी जाईल!"