मुंजाजीरावांची बंदी

सेटवरच्या पोरींना छळणाऱ्या त्या दिग्दर्शकाचा ऐतिहासिक सिनेमा कुणीही बघायचा नाही, असं मुंजाजीरावांनी पालमच्या स्टँडवरल्या हॉटेलात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आणि आज परभणीच्या थिएटरात बसून ते स्वतःच तो बघत होते. लढाया, डावपेच यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. अंजिरी लुगड्याचा घट्ट कासोटा घालून राणी पडद्यावर आली, की तिच्या जरीच्या पदरावरून त्यांची नजर हलत नसे.

बाहेर पडताना गावातल्या गोपाळनं त्यांना गाठलंच.

"काय मामा, आमाला बंदी अन् तुमी चोरून बघायलाव व्हय?"

"कपडे लय देखणे हायेत रे," मुंजाजीराव खाली मान घालून म्हणाले.

"मंग कापडाच्या दुकानात जायचं की," गोपाळ हसला.  मुंजाजीराव एसटीत जाऊन बसले.



त्या सिनेमाच्या कपडेपटाचं काम अर्धवट सोडून आल्यापासून घराबाहेर न पडलेल्या त्यांच्या लेकीनं, दीपिकानं, दारातच हलक्या आवाजात विचारलं, "बाबा, मी लुगडं नेसवलेली राणी कशी दिसायलीय?"