राजीनाम्याचं भाषण

भाषण कसंही होवो, टाळ्या वाजवायच्या आणि खोट काढायची तर आधी कौतुक करायचं, या ग्रोनिंगनच्या भाषण क्लबातल्या रीतीला फेमके पार विटली होती. आज बोलायची पाळी आली तशी ती तरातरा पुढे गेली.

“मी राजीनामा देतेय! ढोंगी मेले तुम्ही सगळे! मागच्या बैठकीत योरिट भाषण विसरून खाली बसला, तरी तुम्ही टाळ्या पिटल्यात. अं... जनाची नाही, मनाची तरी लाज आहे का?”

‘अं’ म्हटल्याबद्दल नियमाप्रमाणे घंटी वाजली. पाठोपाठ वेळ संपल्याचं लाल कार्ड वर गेलं. तिनं घाईघाईत सगळ्यांना ‘मेंढरं’ म्हणून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग परीक्षक हार्मेन उठला. “फेमके, सुरुवात झकास! संताप अगदी बेंबीच्या देठापासून आला. फक्त ‘मेंढरं’ म्हणताना तू जमिनीकडे बघत होतीस, तिथं आमच्या डोळ्यांत बघायला हवं होतंस. बाकी फक्कड!”

फेमके धुमसतच कोट चढवून दारापर्यंत गेली. तिथं जराशी घुटमळली आणि परत आली.

“हार्मेन,” ती हळूच म्हणाली, “पुढचा राजीनामा कधी देऊ?”