एकच मिनिट रडू दे

"झोपवलंस कशाला तिला?" दिग्दर्शिका दारातूनच म्हणाली.

मुलगी गोंधळली. चार महिन्यांच्या लेकीला, चिमणीला, झोपवायला तिला पाऊण तास लागला होता. ती स्वतः सतरा वर्षांची. टीव्हीवरच्या 'कोवळ्या आया' या कार्यक्रमात आपण दिसणार म्हणून सकाळपासून राबत होती. खोली झाडली, लंगोट आणि दुपटी घड्या घालून फळीवर रचली. शाळेतल्या मुलींनी बघावं, हिला जमतंय म्हणावं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यासाठीच हट्ट करून संमतीपत्रावर आईची सही मिळवली होती.

दिग्दर्शिकेने फळीवरची दुपटी उचलली आणि पलंगावर, जमिनीवर भिरकावली.

"फार नीटनेटकं आहे गं. तुझी तारांबळ दिसायला हवी."

"पण माझी होत नाही तारांबळ."

"होते. सगळ्यांची होते."

तिने जोरात टाळी वाजवली. चिमणी दचकली, तोंड वेडंवाकडं करून रडू लागली. मुलीने तिला खांद्यावर घेतलं, दोनदा थोपटलं. रडणं थांबलं.

"अशी लगेच गप्प नको करूस," दिग्दर्शिका वैतागली. "खाली ठेव तिला. बाहेर दाराशी उभी राहा, काहीच सुचत नाहीये अशी. बोलायचं नाही. एकच मिनिट रडू दे."

मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली. कॅमेरामनने कॅमेरा तिच्या हनुवटीपासून हातभर लांब धरला. आत चिमणीचा आवाज चढत गेला. हे रडणं भुकेचं, तिला पक्कं ठाऊक होतं. छातीवर कुर्ता ओला होऊ लागला. तिने हात घट्ट दुमडले. या पायावरून त्या पायावर होत राहिली.

"ओठ हलवू नकोस," दिग्दर्शिका कुजबुजली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लाँड्रीतलं काम आटपून आई आली होती.

"अगं, लेकरू टाहो फोडतंय आणि तू खांबासारखी उभी? लाज कशी वाटत नाही तुला!"

कॅमेरा झर्रकन आईकडे वळला. दिग्दर्शिकेने बोट गोल फिरवलं: चालू ठेव, चालू ठेव.

"आई, यांनीच सांगितलं मला उभं राहायला."

"तेवढं वाक्य कापू," दिग्दर्शिका कॅमेरामनला म्हणाली. हळूच म्हणाली, पण दोघींनाही ऐकू गेलं.

आईने एकदा दिग्दर्शिकेकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. मग लेकीला दंडाला धरून आत नेलं आणि दार लोटलं.

विखुरलेल्या दुपट्यांमध्येच बसून मुलीने चिमणीला छातीशी घेतलं. चिमणी हुंदके देत देत पिऊ लागली.

"किती वेळ रडत होती?" आईने विचारलं.

"एक मिनिट म्हणाल्या होत्या."

"किती वेळ, ते विचारतेय मी."

मुलीने मान वर केली नाही. "आवाज ऐकू येऊ नये म्हणून मनात दोनपासून पाढे म्हणत होते. अकराचा संपला, बाराचा संपला. तेराच्या मध्ये तू आलीस."

दिग्दर्शिकेने दारावर टकटक केली. "काकू, दार जरा किलकिलं ठेवाल का? दूध पाजतानाचा एवढाच शॉट राहिलाय."

पायातल्या चपलाही न काढता आई दाराला पाठ लावून जमिनीवर बसली.