दुप्पट ग्रीस

हिरोजींचं हृदय यंत्राचं होतं आणि त्याच्या बॅटरीची दोन टोकं गळ्याखाली उघडी होती. त्यांची बायको चांगुणाबाई रोज ती जुन्या ब्रशने घासून, कोरडी करून ग्रीस लावत. होडीच्या बॅटरीला लावतात तेच. "गंज चढेल. खारं पाणी वर्ज्य, आसवंसुद्धा!" असं डॉक्टरांनी बजावल्यापासून डोळे भरून आले की हिरोजी मान मागे टाकून आभाळ बघत.

आज त्यांची लेक रेवती कोळीवाड्यातली पहिली बाई तांडेल म्हणून होडी काढणार होती. सकाळीच चांगुणाबाईंनी दुप्पट ग्रीस थापलं.

"पुरे गं, मी काय इंजिन आहे?"

होडी पाण्यात शिरली, रेवतीने सुकाणू धरलं आणि हिरोजींची मान सवयीने मागे गेली.

चांगुणाबाईंनी ती खाली वळवली. "आभाळ काय बघताय? लेकीकडं बघा. आणि रडा की खुशाल!"