बिस्किटाचा पुडा

"हे कुत्रं तुमचंय का, ताई?" टपरीवाल्या मावशींनी चहा गाळता गाळता विचारलं. ओलं अंग आवळून ते बाकड्याखाली थरथरत होतं. समोर गावातली चार-पाच कुत्री दात विचकून उभी होती.

सकाळी, डोंगराच्या त्या बाजूच्या गावात, तिनेच त्याला पहिलं बिस्कीट टाकलं होतं. "नको गं सवय लावूस," नवरा म्हणाला होता, "आपण पलीकडे उतरणार. परत कसं जाईल ते?" पण पाऊस कोसळत होता, धुक्यात वाट दिसत नव्हती आणि पुढे डोलणारी ती पिवळी शेपटी पाहून तिला धीर येत होता. म्हणून ते कधी रेंगाळलं, मागे वळून पाहायला लागलं, की ती पुडा वाजवायची. खिंडीत वारा झोंबायला लागला तेव्हा ते तिच्या मांडीला टेकून बसलं. तिने फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आमचा वाटाड्या'.

जीपवाल्याने हॉर्न दिला. शेवटचीच जीप होती. "कुत्रं नाही घेणार हां!" तो ओरडला. नवऱ्याने तिच्याकडे न बघता सॅक आत टाकली.

"अहो ताई, तुमचंय का?"

"नाही," ती म्हणाली. "असंच मागे आलं."

"मग हाकलते बाई. आमची फाडतील त्याला." मावशींनी काठी उचलली.

काठी पाहताच ते बाकड्याखालून निघालं आणि तिच्या पायांमागे येऊन लपलं.